शेवटचं कधी विचारलं होतं?

संगणकाच्या पडद्यावरची एक बारीक ओळ आज आपण मिळून वाचणार आहोत. तुमच्याकडे विंडोजचा संगणक असेल तर ‘सेटिंग्ज’ उघडा आणि त्यात ‘विंडोज अपडेट’वर जा. वरच्या बाजूला हिरवी बरोबरची खूण दिसेल आणि शेजारी ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असेल, की तुमचा संगणक अद्ययावत आहे. आपलं समाधान होतं, आपण ते पान बंद करतो. पण त्या ठळक वाक्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते : शेवटचं कधी तपासलं. आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटं, काल रात्री, किंवा गेल्या पावसाळ्यातली एखादी तारीख. वरच्या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा, ते ही खालची ओळ ठरवते.

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. करत होतो तेव्हा आमच्या कॉलेजात संगणक नावाची वस्तू एका कुलूपबंद खोलीत असायची आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. तेव्हा या विषयावर मी बोलावं हे जरा चमत्कारिकच. पण ही ओळ वाचायला मी पुस्तकातून शिकलो नाही, नुकसानीतून शिकलो, म्हणून सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. माझा कवितासंग्रह छपाईला निघाला होता. आमच्या गावात एक डीटीपीवाला आहे. शेजारच्याच घरातला मुलगा, मला चाचा म्हणतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीच्या जाहिराती, आणि त्यातून वेळ उरला की माझी कविता, असं त्याचं काम. संग्रहाच्या शेवटी मी एक भाग ठेवला होता : माझ्या अम्मीच्या जात्यावरच्या ओव्या. अम्मी २०१६ साली गेली. तिनं शाळेची पायरी पाहिलेली नव्हती. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओवी यायची ती मराठीच. शेजारणींबरोबर दळता दळता ओठांवर बसलेली. त्या ओव्या मी कधी लिहून ठेवल्या नव्हत्या. या पोराच्या टेबलाशी बसून एकेक आठवत गेलो, मी सांगितलं आणि त्यानं टाइप केलं. चार बैठकांत पस्तीस ओव्या झाल्या. मध्ये कागद आलाच नाही.

मे महिन्यात एका सोमवारी त्याचा फोन आला. ‘चाचा, जरा दुकानात या.’ गेलो तर पडद्यावर लाल चौकट, तीत पैशांची मागणी, आणि प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं चिकटलेली. एकही फाइल उघडेना. तालुक्याहून एक जाणकार माणूस आला. त्यानं इतर कशाला हात न लावता आधी अपडेटचं पान उघडलं. विंडोज ७ होती. तिच्या त्या पानावर दोन ओळी एकाखाली एक असायच्या : सर्वांत अलीकडची तपासणी कधी झाली, आणि अपडेट कधी बसवले. पहिल्या ओळीपुढे दीड वर्षापूर्वीची तारीख होती. दुसरीपुढे त्याच्याही आधीची.

‘बंद करून ठेवलंय कोणीतरी,’ तो म्हणाला. पोरगा खाली मान घालून म्हणाला, ‘मीच केलंय. अपडेट झालं की आपलं पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर रुसतं, डोंगल ओळखत नाही. लग्नसराईत दोन दिवस मशीन बंद पडलं तर खायचं काय?’

त्याला रागवावं असं मला वाटलं नाही. जुन्या मराठी फाँटांवर ज्यांची रोजीरोटी आहे त्यांना ही भीती चांगली ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. कवितांची हस्तलिखितं माझ्या घरी होती, त्या पुन्हा टाइप झाल्या. ओव्यांपैकी सव्वीस मला परत आठवल्या. संग्रहात सव्वीसच आहेत.

तर ही तपासणी म्हणजे नेमकं काय, ते बघू. पूर्वी माणसं पोस्टात जाऊन विचारायची, ‘आमचं काही टपाल आलंय का?’ विचारणं हे एक काम. आलेलं टपाल घरी आणणं हे दुसरं. आणि फोडून वाचणं हे तिसरं. संगणकाचंही तसंच असतं. साधारण दिवसातून एकदा तो कंपनीच्या सर्व्हरकडे चौकशी करतो : माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे, तिच्यासाठी नवीन काही आहे का? ही चौकशी ठरल्या मिनिटाला होत नाही, थोडी मागेपुढे होते. नाहीतर जगभरातले कोट्यवधी संगणक एकाच क्षणी दार ठोठावतील. यादी आली की माल उतरवून घ्यायचा, म्हणजे डाउनलोड. मग तो बसवायचा. आणि पुष्कळदा त्यानंतरही चौथं काम उरतं, संगणक पुन्हा सुरू करण्याचं. ‘शेवटचं तपासलं’ ही ओळ या चारांपैकी फक्त पहिल्या कामाची तारीख सांगते. टपाल नाही म्हणजे त्या दिवशी, त्या वेळी नव्हतं. नंतरचं तिला माहीत नाही.

विंडोज ७ मध्ये दोन्ही तारखा शेजारी होत्या, ते बरं होतं. २०१५ साली विंडोज १० आली आणि त्यांची ताटातूट झाली. आता दर्शनी पानावर चौकशीची तारीख असते, आणि काय बसलं ते पाहायला त्याच पानावरच्या ‘अपडेट हिस्टरी’त जावं लागतं. तिथंही एक फसगत आहे. विंडोजबरोबर येणारा विषाणूप्रतिबंधक आपली ओळखपरेडीची यादी दिवसातून अनेकदा ताजी करत असतो. त्याच्या नोंदी ‘डेफिनिशन अपडेट’ या मथळ्याखाली रोजच्या रोज साचतात. त्यांच्यापुढची कालची तारीख पाहून आपण खूश होतो. पण ते पहारेकऱ्याला दिलेले चोरांचे नवे फोटो झाले. भिंतीची दुरुस्ती ‘क्वालिटी अपडेट’ या मथळ्याखाली असते. तिथली सर्वांत वरची नोंद कोणत्या महिन्याची आहे ते बघा. ती या महिन्याची किंवा गेल्या महिन्याची असायला हवी.

महिनाच का? तर मायक्रोसॉफ्टनं २००३ सालापासून एक रिवाज ठेवला आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती सुरक्षेच्या दुरुस्त्या बाहेर काढते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्यासाठी तो बुधवारच. आणि इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे भिंतीला भोक कुठं होतं तेही जाहीर झालं. दुरुस्तीचं पत्रक घरमालक वाचतो तसा चोरही वाचतो. त्या बुधवारपासून शर्यत सुरू होते.

ती शर्यत कशी हरली जाते, ते जगानं २०१७ साली पाहिलं. १४ मार्च २०१७, महिन्याचा दुसरा मंगळवार. विंडोजच्या एका जुन्या भोकावर त्या दिवशी दुरुस्ती आली. १४ एप्रिलला त्याच भोकातून आत शिरण्याचं हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून, एन. एस. ए.कडून, चोरलेलं होतं. आणि १२ मे रोजी, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ सुटला. फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीचे पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्यानं धरले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक त्यात सापडले. दुरुस्ती आणि हल्ला यांच्यात ५९ दिवस होते.

सर्वांत वाईट अवस्था झाली ती इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयानं त्याच वर्षी ऑक्टोबरात अहवाल दिला. २३६ रुग्णालय-संस्थांपैकी किमान ८० संस्थांना फटका बसला होता, आणि नुसत्या नोंद झालेल्या रद्द भेटीच ६,९१२ होत्या. भेट म्हणजे काय, ते ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला विचारा. अहवालातली मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. या संस्थांना १७ मार्चला आणि २८ एप्रिलला, दोनदा, सूचना गेली होती की ही दुरुस्ती बसवून घ्या. आणि लागण झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती तयार होती, फुकट होती. माझ्या डीटीपीवाल्याच्या संगणकात जे शिरलं तेही त्याच भोकातून, पुढच्या वर्षी. तालुक्याच्या त्या जाणकारानं मला तारखा मोजून दाखवल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, अपडेटमुळेच नुकसान झाल्याचंही आम्ही ऐकलंय. खरं आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला झाला. युक्रेनमध्ये पुष्कळ कंपन्या हिशेबाचं एक सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं तेच आधी बळी पडले. तिथून आत शिरल्यावर हे विष एका संगणकातून दुसऱ्यात पसरलं, त्याच्या वाटांपैकी एक वाट मार्चमध्ये दुरुस्ती आलेलं तेच भोक होतं. झळ थेट आपल्या उरणपर्यंत आली. न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर खोळंबले. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी सांगितलं, की ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर तुम्हाला आठवत असेलच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

तरीही माझं मत अपडेटच्या बाजूनं आहे. दुकान एकाच मशीनवर चालत असेल तर दोन-चार दिवस थांबून, कुठं बोंबाबोंब होते का ते बघून, मग अपडेट घेण्यात काही चूक नाही. विंडोजमध्ये त्यासाठी ‘पॉज’चं बटण दिलेलं आहे. पण थांबणं आणि विसरणं यांत फरक आहे, आणि तो कळायला तीच बारीक ओळ उपयोगी पडते.

बटण न दाबताही विसरणं घडतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत संगणकाला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट मिळतं. डेटा संपू नये म्हणून ते कनेक्शन मोजणीचं, म्हणजे ‘मीटर्ड’, असं लावून ठेवलेलं असतं. मग संगणक मोठा माल आपणहून उतरवून घेत नाही. चौकशी मात्र होत राहते. दुसरं म्हणजे, संगणक पुरेसा वेळ चालू राहायला हवा. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये सांगितलं, की अपडेट नीट बसण्यासाठी संगणक सलग किमान दोन तास आणि एकूण सहा तास इंटरनेटला जोडून चालू असावा लागतो. बिल भरायला म्हणून अर्धा तास संगणक लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि काम संपल्यावर ‘रीस्टार्ट’ करावं. नुसतं झाकण मिटलेला लॅपटॉप झोपतो, बदलत नाही.

बँकेत किंवा कचेरीत काम करणाऱ्यांचा मामला थोडा वेगळा. तिथले संगणक पुष्कळदा थेट कंपनीला विचारत नाहीत, कचेरीच्याच मधल्या सर्व्हरला विचारतात. रेशन दुकानदार तालुक्याच्या गोदामात चौकशी करतो तसं. गोदामात माल उतरलाच नसेल, किंवा तिथल्या माणसानं मंजूर केला नसेल, तर तुमच्या पडद्यावर ‘आज तपासलं’ आणि ‘अद्ययावत’ ही दोन्ही वाक्यं दिसतील आणि दुरुस्ती मात्र आलेली नसेल. अशा वेळी स्टार्टच्या शोधचौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एन्टर दाबा. एक छोटी चौकट येते, तिच्यात बिल्डचा आकडा असतो. टिंबानंतरचे आकडे दर महिन्याच्या दुरुस्तीबरोबर बदलतात. दोन महिने ते तसेच असतील तर संगणक विभागातल्या माणसाला जाऊन विचारावं. नम्रपणे विचारावं, त्या बिचाऱ्याकडेही वरून यायचं असतं.

एक साधी गोष्ट राहिलीच. ही सगळी तारीख लिहितो कोण? संगणकाचं स्वतःचं घड्याळ. जुन्या संगणकाच्या आतली बटनासारखी सेल संपली, की सुरू करताना त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरशी होणारी सुरक्षित भेटच फिसकटते, कारण ओळखपत्रांच्या मुदती जुळत नाहीत. चौकशी अडते आणि अपडेट चुकीचा संदेश देऊन थांबतं. सेल थोडक्या पैशांत मिळते. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे ना, हे आधी बघावं.

लिनक्सवाल्यांकडे या बाबतीत एक गंमत आहे. उबंटूसारख्या लिनक्समध्ये ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ असे दोन वेगळे हुकूम आहेत. पहिला फक्त यादी आणतो, दुसरा माल आणून बसवतो. म्हणजे विचारणं आणि आणणं यांतला फरक त्यांनी भाषेतच ठेवला आहे. यादी यशस्वीपणे आली की संगणक एका फाइलवर वेळेचा शिक्का मारतो. तिच्यात एकही अक्षर नसतं. ती कोरी असते, आणि शेवटचं कधी विचारलं हे सांगणारी तारीख तेवढी तिच्यावर असते. कोऱ्या कागदावर नुसती तारीख. मला तर हेवाच वाटला.

आणि एक चौकशी अशी आहे, की जिला आता उत्तर नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तोही महिन्याचा दुसरा मंगळवारच होता. ज्यांनी नाव नोंदवून जादा मुदत घेतली नाही, त्यांचा संगणक रोज पोस्टात जाऊन विचारत असेल, पण भिंतीच्या दुरुस्तीचं टपाल त्याच्या नावानं निघतच नाही. त्यामुळे तिथं तपासणीची तारीख आजची असली तरी तिला अर्थ नाही. विंडोज ११ साठी संगणकात एक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट जुने संगणकही अडले आहेत. मुलांच्या पैशांतून घेतलेला संगणक भंगारात द्यायला जीव होत नाही, मला कळतं. त्यावर लिनक्स टाकता येतं, किंवा त्याचं इंटरनेट काढून नुसत्या लिखाणाला ठेवता येतो. बँकेचा व्यवहार मात्र त्याच्यावर करू नये.

अपडेटची सूचना कुठं दिसते हेही महत्त्वाचं. ती सेटिंग्जमध्ये दिसते. बातम्या वाचताना मधेच उगवलेली ‘तुमचा संगणक जुना झाला, इथं दाबा’ अशी चौकट, व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल, किंवा ‘आम्ही कंपनीतून बोलतोय’ असा फोन, यांना अपडेट म्हणू नये. शंका आली तर ते बंद करून सेटिंग्जमध्ये स्वतः जा आणि ‘चेक फॉर अपडेट्स’चं बटण दाबा. त्या बटणानं चौकशी तुमच्या हातानं होते, आणि ओळीवरची वेळ तुमच्या डोळ्यांदेखत बदलते.

परवा त्या पोराच्या दुकानात गेलो होतो. जुनं मशीन अजून आहे, कोपऱ्यात. डोंगल आणि जुने फाँट त्याच्यावरच. पण त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे, आणि बाहेरचे पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या, नव्या मशीनला लागतात. संध्याकाळी दुकान बंद करताना तो एक हार्ड डिस्क डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवाराला पेनानं गोल केलेला आहे. मी म्हटलं, ‘बघू, तुझी बारीक ओळ दाखव.’ त्यानं अपडेटचं पान उघडलं, मग हिस्टरीही उघडली. या महिन्याची दुरुस्ती मंगळवारी आली होती. त्याच्याकडे चार लग्नपत्रिका होत्या, म्हणून त्यानं ती शनिवारी बसवली. मी काही बोललो नाही. पडद्यावर तारीख शनिवारची होती.